काका बाहेरच आहेत

माणसाला नळीत घालायचं आणि हलू नका म्हणायचं, हे माझं काम. घरी कुणी विचारलं की आई सांगते, "तो मोठ्या मशीनवर असतो." त्यामुळे निम्म्या नातेवाइकांना वाटतं की मी पिठाच्या गिरणीत आहे. लग्नाकार्यात भेटले की ते माझ्या भुवयांकडे बघतात, पांढऱ्या आहेत का म्हणून.

एमआरआयचं मशीन चालू झालं की आतल्या माणसाला जो आवाज येतो, तो साधारण असा : वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवतंय, मग त्याचं मन बदलतं, मग तो ते कपाट फोडायला घेतो. आणि हे चालू असताना तुम्ही डोक्याभोवती पिंजरा लावून, आपल्याच मापाच्या बोगद्यात, पापणी सोडून काहीही न हलवता पडून राहायचं. भलीभली माणसं आत गेली की एवढीएवढीशी होतात. एका गृहस्थांनी आत जायच्या आधी मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं होतं, "यात विचार दिसतात का हो?" नाही म्हटल्यावर त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि बाहेर बसलेल्या बायकोकडे बघून हात हलवला.

शिकताना आमच्याकडून शरीराचा तुकडान् तुकडा पाठ करून घेतला होता. घाबरलेल्या माणसाशी काय बोलायचं, यावरही एक तास होता. त्या तासाला सर आलेच नाहीत. त्यामुळे आम्ही सगळे आपापलं शोधून काढतो. कुणी देवाचं नाव घ्यायला सांगतं, कुणी गाणी लावतं. मी एक वाक्य शोधून काढलं होतं : "तुमची माणसं बाहेरच आहेत." बस. एवढंच. हेडफोनमधून हे वाक्य गेलं की आतली बोटं सैल पडताना काचेतून दिसायची. मी ते इतक्या वेळा म्हटलं होतं की ते म्हणताना माझं लक्षही नसायचं. दात घासताना कुठे लक्ष असतं?

एक पेशंट, मी त्यांना मावशी म्हणायचो, आमच्याकडे यायला लागल्या तेव्हा त्यांच्या डोक्यातली गाठ काढून झाली होती. ती परत येते का, हे बघायला काही महिन्यांनी त्यांना नळीत जावं लागायचं. सोबत त्यांचे यजमान, म्हणजे काका. काकांच्या छातीत पेसमेकर होता आणि आमच्या मशीनचं पेसमेकरशी पिढीजात वैर. म्हणून काकांना आतल्या खोलीत प्रवेश नाही. ते माझ्या शेजारी, काचेच्या अलीकडे, एका स्टुलावर बसायचे.

पहिल्या वेळी मावशी आत गेल्या आणि त्यांनी लगेच हातातला रबरी फुगा दाबला. तो दाबला की माझ्याकडे घंटी वाजते. बाहेर काढलं, पाणी दिलं, परत आत. परत घंटी. तिसऱ्यांदा घंटी वाजली तेव्हा काकांनी माझ्यापुढचा माईक स्वतःकडे ओढला, विचारलंही नाही, बटण दाबलं आणि म्हणाले, "अगं, तुझ्या भावानं दिलेलं ते घड्याळ आपोआप नव्हतं बंद पडलं. मी पाडलं."

आणि बटण सोडलं.

"आता करा चालू," मला म्हणाले.

मी केलं. आत मावशी अशा पडल्या होत्या की शाळेतल्या सांगाड्यानं शिकवणी लावावी. कपाट सरकलं, फुटलं, थांबलं. आवाज बंद होताच माझ्यापुढच्या स्पीकरमधून पहिलं वाक्य आलं, "मला तेव्हाच माहीत होतं!"

"बघितलंत?" काका मला म्हणाले. "उत्तर तयार असलेलं माणूस हलत नाही. ते घोकत बसतं."

हा शोध त्यांनी चाळीस वर्षांच्या संसारात लावला होता आणि आमच्या कुठल्याही पुस्तकात तो नाही. आवाज सुरू व्हायच्या अगदी आधी एक वाक्य टाकायचं. मोठं काही नको. तुझ्या आईला मी म्हातारी म्हटलं नव्हतं, पण मनात आलं होतं. पांढऱ्या मांजरीला मीच हाकललं. एवढंच. मग बटण सोडायचं. बाकी काम मावशी करायच्या.

दर वेळी हेच. मावशी "अहो" म्हणत भांडायच्या आणि काका "अगं" म्हणत. कुठलीही वस्तू कुठे ठेवली, हे मावशींनी विचारलं की काकांचं उत्तर एकच : "जिथे आहे तिथेच आहे." आणि हरायला लागले की काका कानातलं ऐकायचं यंत्र काढून टेबलावर ठेवायचे, "संपलं" म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. मग आतून येणारा मावशींचा सगळा संताप मी एकटा ऐकायचो. पिंजऱ्यावर एक छोटा आरसा असतो, त्यात पडल्यापडल्या आमची काच दिसते. मावशी म्हणायच्या, "ह्यांचं टक्कल दिसलं की बरं वाटतं. कुठल्या दिशेनं ओरडायचं ते कळतं."

त्या दिवशी मावशी आल्या तेव्हा गर्दी होती. एक मशीन बंद होतं, दोघे टेक्निशियन रजेवर. मीच त्यांना आत घेतलं. दागिने काढून ठेवायचा डबा नेहमीसारखा पुढे केला.

"काही नाही," म्हणाल्या.

मला वाटलं, शहाण्या झाल्या, घरूनच काढून आल्या.

"आरसा नको," म्हणाल्या. "डोळ्यांवर हे ठेवा." त्यांनी हातात एक रुमाल दिला. मोठा, निळ्या चौकड्यांचा, बायकांच्या हातात कधी नसतो तसला. मी तो डोळ्यांवर ठेवला, पिंजरा लावला, हातात फुगा दिला. हाताला सुई लावून ठेवली, शेवटी औषध सोडावं लागतं म्हणून. त्या फार काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, आज घरीच भांडून आलेत.

बाहेर येऊन बसलो. स्टूल रिकामं होतं. काका पाण्याची बाटली भरायला गेले असणार. ते नेहमी जायचे आणि येताना कुणाशी तरी वाद घालून यायचे. मी बटण दाबलं आणि दात घासावेत तसं म्हणालो, "मावशी, निवांत पडा. काका बाहेरच आहेत."

आतून बराच वेळ काही आलं नाही.

मग, "आहेत?"

"आहेत की! ते कुठे जाणार?"



"मग विचारा त्यांना," मावशी म्हणाल्या, "गच्चीची किल्ली कुठे ठेवलीये."

"विचारतो," म्हटलं आणि वळलो. दारात एक बाई उभी होती, तिशी-पस्तिशीची, नाक थेट काकांचं.

"मी त्यांची मुलगी. गाडी लावत होते."

"बरं झालं आलात. काकांना बोलवा जरा. मावशी गच्चीची किल्ली विचारताहेत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी वेडा आहे की दुष्ट, हे ठरवत होती बहुतेक.

"बाबा वारले," ती म्हणाली. "दोन महिने होत आले."

अशा वेळी माणसाला काय काय सुचतं बघा. मला पहिल्यांदा सुचलं ते हे, की मग पाण्याची बाटली कोण भरतंय. मग डबा आठवला. काही नाही, म्हणाल्या होत्या. मग रुमाल. मग मी स्वतः म्हटलेलं वाक्य. ते कुठे जाणार.

घंटी वाजली.

मी बटण दाबलं. "मावशी, मला माहीत नव्हतं. माझी चूक झाली. मी..."

"काढा मला बाहेर."

"मावशी, पाच मिनिटं..."

"काढा हो. मला ह्यांच्याशिवाय नाही जमत. मी आधीच सांगितलं होतं हिला."

मुलीनं माझा दंड धरला. "नका काढू," ती हळू म्हणाली. "आधीच्या दोन तारखा हुकवल्यात तिनं. आज गाडीत बसवायला सकाळ गेली. गाठ परत आलीये का, हे बघितल्याशिवाय डॉक्टर काहीच करणार नाहीत. आज बाहेर आली तर ती परत यायची नाही. मी ओळखते तिला."

फुगा दाबला की बाहेर काढायचं, हा आमचा नियम. आणि नियम बरोबरच आहे. मी उठलो. खरंच उठलो. पण उठताना नजर स्टुलावर गेली, मग माईकवर, आणि कोण जाणे काय झालं, मी उभ्या उभ्या बटण दाबलं आणि म्हणालो,

"जिथे आहे तिथेच आहे."

मुलीनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, गेली आपली नोकरी. आता खरंच गिरणी बघावी लागणार.

आतून आवाज आला. एकदम बारीक.

"'अगं' राहिलं."

"काय?"

"आधी 'अगं' म्हणायचे."

माझ्या आईहून मोठ्या बाईला 'अगं' म्हणायला माझी जीभ वळेना. घरी शेजारच्या मांजरीलाही मी अहोजाहो करतो.

"मावशी, तुम्हाला बाहेर यायचं असेल तर आत्ता काढतो. खरंच."

"मग किल्लीचं कोण सांगणार?" मावशी म्हणाल्या. "म्हणा नीट."

मी खाली बसलो. "अगं, जिथे आहे तिथेच आहे."

"हेच! आयुष्यभर हेच!" मावशींचा आवाज एकदम मोठा झाला. "कपडे खोलीत वाळताहेत दोन महिने! सगळ्या घराला ओला वास!"

माझं बोट मशीनच्या बटणावर होतं. काकांचा शोध आठवला. "अगं, गच्चीवर तुझ्यापेक्षा मी जास्त जायचो. का जायचो ते विचार स्वतःला," म्हणालो, माईक सोडला आणि मशीन चालू केलं.

कपाट सरकायला लागलं. पडद्यावर एकेक चित्र उमटायला लागलं. कडा अशा स्वच्छ, जणू चाकूनं कापल्यात. मावशी घोकत होत्या.

आवाज थांबला. "सिगरेटी ओढायला जायचात. मला काय वास येत नव्हता?"

मी मुलीकडे बघितलं. तिनं मान हलवली : हो, ओढायचे.

"डॉक्टरांनी सांगितलं होतं," मी म्हणालो.

"कुठल्या?"

"तो... गुरांचा."

आत काहीतरी झालं, आणि ते हसणं होतं हे मला पडद्यावर कळलं. चालू झालेलं चित्र विस्कटलं.

"मावशी, हसलात. फोटो हलला. परत घ्यावा लागेल."

"तुम्ही मधे मधे तुमचं बोलू नका. ह्यांनाच बोलू द्या."

मग मी माझं बोलणं बंद केलं. पुढच्या वेळात मी चाळीस वर्षांचा संसार केला. माझं स्वतःचं लग्न ठरत नाहीये, पण मी घोरण्याबद्दल बोलणी खाल्ली, एका लग्नात कुणाच्या तरी बहिणीकडे बघून हसल्याबद्दल खाल्ली, पंखा किती वर ठेवायचा याबद्दल खाल्ली. काही ठिकाणी मी चुकीचं उत्तर द्यायचो. "छे, असं नसते म्हणाले," मावशी सांगायच्या, मी दुरुस्ती करायचो, आणि मशीन चालू करायचो. मुलगी स्टुलावर बसली होती. मधूनच ती कानात सांगायची, "कपाट म्हणा, निळं कपाट," आणि मी म्हणायचो, निळं कपाट. एकाच नवऱ्याला आम्ही दोघं मिळून पुरे पडत नव्हतो.

मग मावशी म्हणाल्या, "मला एक सांगा. नंबर कुणाचा होता?"

मी मशीनच्या बटणावरचं बोट उचललं.

"नंबर माझा होता की नाही? गाठ माझ्या डोक्यात. मी जाणार म्हणून सगळं शिकवलं तुम्हाला. कपडे धुवायचं मशीन शिकवलं. भात शिकवला. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. 'ही साखर. मीठ नव्हे. चाखून बघा.' आता रोज सकाळी मीच वाचते ते. चाखूनसुद्धा बघते." श्वासाचा आवाज आला. "आयुष्यभर रांगा मोडल्यात तुम्ही. तिकिटाच्या मोडल्या, दवाखान्यातल्या मोडल्या. लोक शिव्या घालायचे, मी मान खाली घालून उभी. इथं तरी थांबायचंत की नाही?"

मी मुलीकडे बघितलं. ती टेबलाकडे बघत होती. टेबल काही बोलत नव्हतं.

"अगं," मी म्हणालो, "ज्येष्ठ नागरिकांची वेगळी खिडकी होती."

या वेळी मावशी हसल्या नाहीत. "तेच म्हणाले असते," म्हणाल्या. अगदी शांत. मी मशीन चालू केलं.

औषध सोडायला मला आत जावं लागलं. नळीतून फक्त मावशींचे पाय बाहेर दिसत होते. पायांना हात लावला, बर्फ. मी पांघरूण ओढलं.

"मावशी, थंडी वाजतेय का?"

"इथं येऊन बोलू नका," आतून म्हणाल्या. "जवळून तुमचाच आवाज येतो."

मी गुपचूप औषध सोडलं आणि बाहेर आलो.

शेवटचं चित्र सगळ्यात लांबलचक असतं. त्यात जराही हललं तर सगळी मेहनत पाण्यात. मी एखादं चांगलं वाक्य शोधत होतो, मांजरीपेक्षा मोठं, घड्याळापेक्षा लहान. तेवढ्यात मावशीच बोलल्या.

"एक विचारायचंय ह्यांना. मग नाही विचारणार."

"विचारा. म्हणजे... विचार."

"त्या दिवशी खिडकीवरून भांडण झालं. मी म्हणत होते लावा, हे म्हणत होते उघडी राहू दे. मग ते कानातलं काढून टेबलावर ठेवून आत जाऊन पडले. दार लोटून. मी बाहेर बसले. म्हटलं, आज मी आधी नाही बोलणार. दर वेळी मीच का? चहा केला. गार झाला. परत केला. तोही गार झाला. मला वाटलं, रुसलेत. चांगलेच रुसलेत आज, म्हटलं. मी राग राग करत बसले होते हो दाराबाहेर, आणि हे आत..."

मुलगी उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिलाही हे माहीत नव्हतं, हे तिच्या पाठीवरून कळत होतं.

"एवढंच विचारा," मावशी म्हणाल्या. "मला हाक मारली होती का? मारली आणि मला ऐकू आली नाही, असं झालं का?"

मी बटण दाबून बसलो होतो. बटण दाबलेलं असलं की आत माझा श्वाससुद्धा ऐकू जातो, म्हणून सोडलं. परत दाबलं. विनोद हा माझा धंदा नाही, पण जोडधंदा आहे. त्या वेळी गल्ल्यात काहीच नव्हतं. हो म्हटलं तर ती बाई जन्मभर ती हाक ऐकत बसणार. नाही म्हटलं तर मी कोण? मी तिथे नव्हतो. काकांचा आवाज काढणं वेगळं आणि काकांच्या वतीनं मरणं वेगळं.

समोर टेबल होतं. काका जिथे ते यंत्र ठेवायचे ती जागा, माझ्या चहाच्या कपाशेजारी.

"मावशी," मी माझ्याच आवाजात म्हणालो, "काका उत्तर देत नाहीयेत. त्यांनी कानातलं काढून ठेवलंय."

आत काही हललं नाही.

"काढलं का?" मावशी म्हणाल्या.

"हो. टेबलावर आहे."

"भिंतीकडे तोंड करून?"

मी मुलीच्या पाठीकडे बघितलं. "हो."

"मग राहू दे," मावशी म्हणाल्या. आवाज एकदम घरातल्यासारखा झाला, पलीकडच्या खोलीत कुणी निजलं असताना बोलतात तसा. "आता काही ऐकायचे नाहीत. पडू दे."

"शेवटचं चालू करतोय. हलू नका."

"कुठे हलतेय."

खरंच हलल्या नाहीत. कपाट सरकलं, फुटलं, परत सरकलं. काचेतून रुमालाखालचं काही दिसत नव्हतं. रडणं आमच्या चित्रात येत नाही, डोकं हललं तरच काय ते येतं, आणि डोकं हललं नाही. माझ्या नोकरीतली सगळ्यात स्वच्छ चित्रं ती. जिथे गाठ होती तिथे काही नव्हतं. मी पुढे-मागे करून बघितलं. काही नव्हतं.

बाहेर काढलं तेव्हा रुमाल कानापर्यंत भिजला होता. त्यांनी तो पिळला नाही, तसाच घडी घालून मुठीत ठेवला. मुलगी चपला पुढे सरकवत होती. मावशींनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यासाठीच आम्हाला वरून ताकीद असते, की चेहरा कोरा ठेवा, सांगायचं काम डॉक्टरांचं.

"चांगलं आहे वाटतं," मावशी म्हणाल्या.

"डॉक्टर सांगतील, मावशी. उद्या."

"उद्याच सांगू दे. आज नको." पदर सारखा केला. "चांगलं असलं तर आज मला झेपायचं नाही."

मुलगी म्हणाली, "आई, असं काय बोलतेस!" आणि दुसरी चप्पल पुढे सरकवली.

दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "किल्लीचं तेवढं राहिलंच बघा."

मी म्हणणार होतो. ओठांवर आलं होतं. पण त्यांनीच हात वर केला. "असू दे. माहितीये कुठे आहे."

"कुठे?" मुलगी पटकन म्हणाली. घरी तिनं दोन महिने शोधली होती.

"जिथे आहे तिथे," मावशी म्हणाल्या, आणि दोघी गेल्या.

पुढचा माणूस आत घेतला. चांगला आडदांड, गुडघा दुखावलेला. अर्धा आत गेल्यावरच त्याचे डोळे पांढरे व्हायला लागले. "जरा थांबा हं," त्यानं छताला सांगितलं.

मी बटण दाबलं. "तुमची माणसं," म्हणालो, आणि सोडलं.

उठून बाहेर गेलो. बाकावर त्याची बायको बसली होती. मांडीवर त्याची पॅंट, पट्टा, पाकीट, आणि ती बिस्कीट खात होती. मला बघून दचकली. "काय झालं?"

"काही नाही," म्हटलं. "तुम्ही इथेच आहात ना?"

"म्हणजे काय? मी कुठे जाणार?"

परत येऊन बसलो. "आहेत," मी माईकमध्ये म्हणालो. "बघून आलो."